पावसाळ्यात ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, कोड उडवला की चार दिवस बरी राहते: गिअरबॉक्स उघडण्याआधी काय तपासायचं

लक्षणं आधी सांगतो, म्हणजे तुमची तक्रार हीच आहे का ते कळेल. गाडी टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला तेलातून पोचवणारी. सकाळी, बहुतेक वेळा रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, लिव्हर डीमध्ये टाकताना दणका बसतो. निघताना गाडी जड वाटते, इंजिन ओरडतं पण वेग धरत नाही. मीटरमध्ये चेक लाइट पेटलेला असतो, काही गाड्यांत दातेरी चाकाचं चित्रही. हायवेला लागलात तरी पुढचे गिअर पडत नाहीत. कडेला घेऊन चावी बंद करून पुन्हा चालू केली, की काही झालंच नव्हतं अशी पळते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, कोड (गाडीने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) उडवतात, पैसे घेतात. आठवड्याने परत तेच. मालवणकडचं एक गिऱ्हाईक दर खेपेला एकच वाक्य घेऊन यायचं, "काल बरी होती मरे, आज परत बत्ती पेटली."

मी कुडाळकडे गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गिअरबॉक्स उघडणारा मेस्त्री मी नव्हे. पण या तक्रारीच्या गाड्या शेवटी वायरमनकडेच येतात आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा गिअरबॉक्स उघडावा लागत नाही. ज्यांचा उघडला गेला, त्यातल्या काहींचा दोष उघडून, जोडून, बिल भरूनही तसाच राहिलेला असतो, कारण तो आत नव्हताच.

दणका बसला म्हणजे क्लच गेले असं नाही

ऑटोमॅटिकला पायाखाली क्लच नसला तरी गिअरबॉक्सच्या आत क्लच प्लेटांचे अनेक संच असतात. कुठला संच आवळलेला आणि कुठला सुटलेला यावर प्लॅनेटरी गिअरमधून कुठला गिअर मिळणार ते ठरतं. आवळण्याचं काम तेल करतं. इंजिनवर फिरणारा पंप तेलाला दाब देतो, ते व्हॉल्व्ह बॉडीत कोरलेल्या वाटांनी फिरतं आणि त्या वाटा उघडायला-बंद करायला सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, असतात. काही सोलेनॉइड नुसते उघड-बंद होतात. काहींचा करंट सेकंदाला शेकडो वेळा तोडून-जोडून तेलाचा दाब हवा तेवढा ठेवला जातो. गिअर मऊ पडतो तो या दुसऱ्या प्रकारच्या सोलेनॉइडांमुळे.

हुकूम देतो टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कंट्रोलर. इनपुट शाफ्ट किती फिरतोय, आउटपुट किती, ॲक्सिलरेटर किती दाबलाय, तेल किती तापलंय, लिव्हर कुठे आहे, ब्रेकवर पाय आहे का, हे तो सतत वाचत असतो. इनपुटच्या फेऱ्यांना आउटपुटच्या फेऱ्यांनी भागलं की खरोखर कुठला गिअर लागलाय ते त्याला कळतं. सांगितला तिसरा आणि भागाकार जुळत नाही, किंवा एखाद्या सेन्सरचा आकडाच येईनासा झाला, की तो धोका पत्करत नाही. सोलेनॉइडांचा पुरवठा तोडतो आणि बाजूला होतो.

ही वेळ येणार हे गिअरबॉक्स बनवणाऱ्यांनी आधीच धरलेलं असतं. सगळे सोलेनॉइड बंद पडले तरी तेलाच्या वाटा अशा उरतात की पुढचा एक गिअर, बऱ्याच गाड्यांत तिसरा, लागलेला राहतो. रिव्हर्सही बहुधा मिळतो, कारण केबलच्या लिव्हरवाल्या गाडीत मॅन्युअल व्हॉल्व्ह तुम्ही हाताने सरकवता, त्याला वीज लागत नाही. आणि प्लेटा घसरून जळू नयेत म्हणून दाब पूर्ण चढलेला ठेवतात. डीमध्ये बसणारा दणका हा त्या पूर्ण दाबाचा असतो. याला लिंप मोड म्हणतात. चावी बंद-चालू केली की टीसीएम नव्याने सुरुवात करतो आणि दोष परत दिसेपर्यंत सगळं नेहमीसारखं चालवतो. म्हणून गाडी 'बरी' होते.

दणका, जडपणा, पुढचे गिअर न पडणं ही सगळी बचावाची लक्षणं झाली. मूळ दोष वेगळा शोधावा लागतो. आतून गेलेला गिअरबॉक्स वेगळा वागतो: लाइट नसतानाही दोन गिअरच्या मध्ये इंजिनचे फेरे उगाच वर उडतात, डीमध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंद विचार करते, आणि ऋतू कुठलाही असो, महिन्यामागून महिना ते वाढत जातं. तुमची गाडी तशी असेल तर खालचं वायरिंगपुराण फार उपयोगाचं नाही, थेट तेलावर जा.

केव्हा होतं ते आधी लिहून काढा

माझ्याकडे गाडी आली की स्कॅनरच्या आधी हा प्रश्न असतो, आणि मालकाला सहसा उत्तर माहीत असतं, फक्त त्याला कुणी विचारलेलं नसतं.

पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर, थंड गाडीवर होतं आणि इंजिन तापून तासभर गेला की थांबतं, तर एखाद्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, पाणी आहे असं धरून चाला. याच्या उलट, सपाटीला काही नाही, पण आंबा घाट किंवा आंबोली चढायला घेतली की मध्यावर लाइट, तर संशय उष्णतेवर: तेल कमी किंवा जळकं, तेलाचा कूलर तुंबलेला, नाहीतर तापल्यावर आतून तुटणारी सोलेनॉइडची कॉइल. तिसरा प्रकार चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्यांचा. मे महिन्यापासून ताडपत्री टाकून उभी, गणपतीला आल्यावर चावी फिरवली की एकदम सात-आठ कोड, त्यात एबीएस आणि स्टिअरिंगचेही. तिथे आधी बॅटरी बघा, मग उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, याच क्रमाने.

घाटात लिंप मोड लागला तर तसंच रेटू नका. तिसऱ्या गिअरवर चढाला गाडी उचलताना टॉर्क कन्व्हर्टर तेल नुसतं घुसळतो आणि ते झपाट्याने तापतं. एरवी ८० ते १०० अंशांत राहणारं तेल १२० च्या वर गेलं की वेगाने खराब होऊ लागतं. रुंद जागा बघून थांबा, पण इंजिन बंद करू नका. पीमध्ये चालू ठेवा, कारण इंजिन फिरलं तरच पंप फिरतो आणि तेल कूलरमधून जातं. आणि दोरी बांधून ओढत नेण्याचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. पुढची चाकं ओढणारी ऑटोमॅटिक गाडी इंजिन बंद ठेवून लांब ओढली की पंप थांबलेला, आतले भाग मात्र फिरताहेत आणि त्यांना तेल नाही. सपाट ट्रकवर चढवा किंवा पुढची चाकं उचलून न्या. साध्या वायरीच्या दोषाची गाडी दोरीने ओढून खरोखरीची गिअरबॉक्सची गाडी होते, हे आमच्याकडे होतं.

कोड वाचायचा, उडवायचा नाही

नुसता पी०७०० आला असेल तर अजून काहीच कळलेलं नाही. तो कोड इंजिनच्या कंट्रोलरमध्ये असतो आणि त्याचा अर्थ एवढाच, की टीसीएमने लाइट लावायला सांगितलंय. खरा कोड टीसीएमच्या पोटात आहे. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बऱ्याचदा इंजिनपुरतंच वाचतात, म्हणून टीसीएम वाचणारा स्कॅनर असलेल्याकडे जा.

तिथे काय दिसेल? पी०७०५ म्हणजे लिव्हरची जागा सांगणारा रेंज स्विच. पी०७१५ किंवा पी०७१७ इनपुट सेन्सर, पी०७२० आउटपुट सेन्सर. पी०७३० म्हणजे वर सांगितलेला भागाकार जुळत नाही. यू०१०१ म्हणजे बाकीच्या कंट्रोलरांना टीसीएम सापडतच नाही. पी०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी. सोलेनॉइडचे कोड पी०७५० पासून पुढे, आणि तिथे शेवटचा आकडा बघणं फार महत्त्वाचं. पी०७५३ म्हणजे पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा विजेचा दोष: वायर, पिन, कॉइल. पी०७५१ म्हणजे वीज पोचतेय पण काम होत नाही: व्हॉल्व्ह अडकलाय, तेलात घाण आहे, दाब नाही. दोन्हींना 'सोलेनॉइडचा कोड' म्हणून एकच एस्टिमेट देणारे आहेत. तुम्ही आकडा विचारा.

कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणी वेग, तेलाचं तापमान, व्होल्टेज काय होतं. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवा. तेल ३० अंशांवर असताना इनपुट सेन्सर हरवला आणि ११० वर असताना हरवला, या दोन वेगळ्या गाड्या आहेत. कोड उडवला की ही नोंद बहुधा जाते. तुमची गाडी चार वेळा 'नीट' झाली असेल तर चार वेळा पुरावा पुसला गेलाय.

बॅटरी आणि अर्थिंग

हे पटकन उरकतं, म्हणून आधी. रात्रभर उभ्या गाडीवर बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५, जरी काही नव्या गाड्यांचे अल्टरनेटर मधूनच मुद्दाम कमी देतात. व्होल्टेज पडलं की टीसीएम भलते कोड नोंदवतो आणि त्या कोडांच्या मागे लागून सेन्सर बदलत बसण्यात अर्थ नसतो.

मग अर्थिंग. बहुतेक छोट्या गाड्यांत गिअरबॉक्स डावीकडे, बरोबर बॅटरीखाली असतो आणि त्याची अर्थिंगची पट्टी ट्रेखालून बॉडीला जाते. वरून ॲसिडची वाफ, खालून रस्त्याचं पाणी, आणि वारा खारा. बाहेरून पट्टी धड दिसते, बोल्टखाली पांढरा-हिरवा थर. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (क्लॅम्पवर नव्हे), लाल पिन गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असेल तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी सोडवून, दोन्ही टोकं घासून, पुन्हा आवळा आणि मग वरून ग्रीस लावा. मग, आधी नव्हे.

कपलर: आमच्याकडचा खरा गुन्हेगार

कोकणात पाऊस जास्त पडतो म्हणून हे होतं असं सगळे म्हणतात. नुसत्या पावसाने एवढं होत नाही, मीठ लागतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच त्यात विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतो, तो तर त्याहून कितीतरी कोरड्या हवेतही ओला राहतो. एकदा कपलरच्या आत खारट ओल गेली आणि वाळली, की पुढे पावसाचा थेंब आत जायची गरज उरत नाही. जून ते सप्टेंबर हवाच पुरते. खारं पाणी वीज वाहतं, त्यामुळे शेजारच्या दोन पिनांमध्ये गळती होते, सेन्सरचा सिग्नल बुडतो आणि पुरवठ्याची पिन तर हळूहळू खाल्ली जाते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तक्रार थांबते आणि मालकाला वाटतं गेल्या महिन्यात टाकलेल्या ॲडिटिव्हने काम केलं.

जेट्टीवरून जाणाऱ्यांनी जास्त लक्ष द्यावं. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला या फेऱ्यांत रॅम्पवर भरतीच्या वेळी चाकांनी उडालेलं पाणी थेट समुद्राचं असतं. घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने साध्या पाइपने धुवा. प्रेशर वॉशर बॉनेटखाली मारू नका. कपलरचं सील वरून पडणाऱ्या पाण्याला अडवतं, त्या फवाऱ्याला नाही.

मघाच्या मालवणच्या गाडीचंच उघडून दाखवतो. कोड पी०७१७, फ्रीझ फ्रेममध्ये तेल थंड. दुसरीकडे तिला व्हॉल्व्ह बॉडी बदलायचं एस्टिमेट मिळालेलं, लाखाच्या घरातलं. इनपुट सेन्सरचा कपलर बॅटरीच्या ट्रेखाली, एअर फिल्टरच्या डब्याच्या सावलीत. बॅटरी आणि ट्रे काढल्याशिवाय तिथे बोट जात नाही. बाहेरून कपलर कोरा करकरीत. लॉक दाबून ओढला तर आतून अर्धा थेंब पाणी नखावर आलं, आणि ते वाळल्यावर मागे पांढरी खर राहिली. मधल्या पिनेवर पितळी समईला चढतो तसा हिरवा कळंक. टाचणीने नुसतं टोचलं तर पिनेचं टोक भुगा होऊन पडलं. रबरी सील एका बाजूला उलटं दुमडलेलं होतं. आधी कुणीतरी कपलर काढून घाईत परत दाबला असणार. सेन्सर चांगला होता, व्हॉल्व्ह बॉडी चांगली होती.

अशा वेळी साफ करून भागत नाही. पिन खाल्ली गेली असेल तर वायरीसकट नवा कपलर लावायचा. पण वायर कापताना आतलं तांबं बघा. चकचकीत लाल असेल तिथपर्यंत मागे कापायचं, काळं पडलेलं तांबं जोडात घ्यायचं नाही, कारण खारं पाणी तारांच्या मधून इंच-दोन इंच वर चढलेलं असतं. जोड एकाच रांगेत घेऊ नका, पुढे-मागे घ्या. वरून आत गोंद असलेली, तापवल्यावर आकसणारी श्रिंक ट्यूब. साधी ट्यूब आणि काळी टेप पहिल्या पावसाळ्यात सुटते. आणि कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी कपलरपर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडतं.

पिना धड असतील, नुसती ओल असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, फुंकून वाळवा. पॉलिश पेपर नको. पिनेवरचा कथिलाचा मुलामा निघून गेला की गंज दुप्पट वेगाने येतो. पेट्रोलने धुऊ नका, सील फुगतं. सिलिकॉन ग्रीसचं बोट फक्त सीलवर फिरवा. कपलर ग्रीसने भरून टाकणारेही आहेत. त्यात पिन नीट बसली की नाही तेच कळत नाही.

दोष मीटरवर सापडत नसेल तर एक जुना उपाय आहे. टीसीएमला जाणारी १२ व्होल्टची पुरवठ्याची वायर मीटरवर पूर्ण १२ दाखवते, पण आत एकच तार शिल्लक असते. मीटर करंट ओढतच नाही, त्याला काय कळणार? कपलर काढून त्या वायरीवर इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा. लख्ख पेटला तर वायर चांगली, मिणमिणला तर वायर गेली. हा प्रयोग फक्त टीसीएमच्या पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या वायरींवर. सिग्नलच्या किंवा कंट्रोलरमधून सेन्सरला जाणाऱ्या वायरीवर बल्ब लावलात तर कंट्रोलर जाऊ शकतो.

यू०१०१ सारखा कोड असेल तर बॅटरी सोडून, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये ओम मोजा. दोन टोकांना १२०-१२० ओम असतात, म्हणून ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर कॅनची, म्हणजे कंट्रोलरांना एकमेकांशी जोडणाऱ्या वायरींच्या जोडीची, एक बाजू कुठेतरी तुटलीय. काही गाड्यांत या सॉकेटमागे गेटवे, म्हणजे मधला कंट्रोलर, असतो, तिथे हे मोजमाप टीसीएमच्या लाइनपर्यंत पोचत नाही.

सेन्सर आणि दोन स्विच

सेन्सरबद्दल थोडक्यात. चुंबकी सेन्सर दोन वायरींचा असतो आणि काहीशे ओम दाखवतो. हॉल सेन्सर ओमवर तपासता येत नाही, त्याला पुरवठा देऊन सिग्नल बघावा लागतो. दोन वायरी दिसल्या म्हणून चुंबकीच असं समजू नका, हॉलही दोन वायरींचे येतात. काढल्यावर टोकाला लोखंडी कीस चिकटलेला असेल तर पुसून बघा, कधीकधी तेवढ्यावरच भागतं.

रेंज स्विच गिअरबॉक्सच्या बाहेर, लिव्हरच्या दांड्यावर बसतो आणि चिखल थेट त्याच्यावर उडतो. जांभ्याचा लाल चिखल वाळला की ओल धरून बसतो. लक्षणं: पीमध्ये स्टार्टर लागत नाही पण एनमध्ये लागतो, मीटरमधलं पी-आर-एन-डी गायब किंवा चुकीचं, रिव्हर्सचा दिवा मधूनच लागतो. स्कॅनरवर चालू आकडे बघत लिव्हर अगदी हळू सरकवा. दोन जागांच्या मध्ये आकडा चाचपडला तर स्विच गेला, किंवा नुसता सरकलाय. सरकला असेल तर एनमध्ये ठेवून, दोन बोल्ट सैल करून, खूण जुळवून परत आवळायचा. अडचणीच्या वेळी एनमध्ये स्टार्ट करून घर गाठता येतं.

लिव्हर पीमधून निघतच नसेल तर गिअरबॉक्सकडे बघूही नका. मागे जाऊन ब्रेकचे दिवे लागतात का बघा. लागत नसतील तर फ्यूज किंवा पेडलवरचा स्विच. लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं, त्यात पेनाचं टोक दाबून लिव्हर सोडवता येतो.

तेल

'लाइफटाइम' तेल हा शब्द आमच्या घाटांनी ऐकलेला नाही. चढ, गर्दी, उष्णता यात चालणाऱ्या गाडीचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बदलावं लागतं. साधारण ६० हजार किलोमीटरला बघायला घ्या, मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' म्हणून वेगळा आकडा असेल तर तो धरा.

डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत पातळी ओव्हरफ्लो प्लगने बघतात. गाडी सपाट, इंजिन चालू, आणि तेल ठरावीक तापमानाला, बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या मध्ये. तेल तापलेलं असताना प्लग काढला तर फुगलेलं तेल जास्त सांडतं आणि गाडी कमी तेलावर निघते. मग घाटात चढावर पंप हवा ओढतो. 'तेल बदलल्यापासून बिघडली' या तक्रारीत हे एकदा तपासाच.

लालसर तेल ठीक. तपकिरी आणि जळका वास म्हणजे प्लेटा घसरल्यात. गुलाबी, दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि मग घाई करा, कारण प्लेटांचं अस्तर गोंदाने चिकटवलेलं असतं आणि पाणी ते सोडवतं. पाणी दोन वाटांनी येतं. एक रेडिएटरमधल्या कूलरमधून. दुसरी वाट पावसाळ्यातली: तापलेला गिअरबॉक्स घेऊन तुम्ही कॉजवेवरून वाहणाऱ्या व्हाळात गाडी घालता, केसिंग एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या-यायच्या छिद्रातून), सीलमधून पाणी आत ओढलं जातं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात भरलं, तसं पाणी गाडीत चढलं तर तेल बघितल्याशिवाय स्टार्टरही मारायचा नाही.

प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असतोच, त्याला घाबरू नका. बोटाला टोचणारे कण मिळाले तर आत काहीतरी सुटलंय. प्लग काढून निथळणारं तेल एकूण तेलाच्या साधारण निम्मं असतं, त्यामुळे एकदा बदलून थोडं चालवून पुन्हा बदलणं मला मशीनने जोरात फ्लश करण्यापेक्षा बरं वाटतं. जुन्या गिअरबॉक्समध्ये बसलेली घाण मशीन उचलतं आणि नेमकी सोलेनॉइडच्या जाळीत नेऊन बसवतं.

एएमटी, सीव्हीटी, डीसीटी

आमच्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त दिसते ती एएमटी. २०१४ ला सेलेरियोपासून आपल्याकडे आली. ती मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, क्लच दाबायला आणि गिअर टाकायला वर पंप आणि ॲक्चुएटर बसवलाय. तिला एटीएफ नसतं, टॉर्क कन्व्हर्टर नसतो. बॅटरी, अर्थिंग, कपलर हे वरचं सगळं तिलाही लागू, आणि बॅटरीच्या बाबतीत ती जास्तच हळवी, कारण पंप विजेवर चालतो. ड्रायव्हरचं दार उघडल्यावर जो घूं आवाज येतो तो पंप दाब भरतोय. उभ्या गाडीत तो दर काही सेकंदांनी येऊ लागला तर दाब कुठेतरी गळतोय. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा. क्लच बदलल्यावर स्कॅनरने त्याचा धरण्याचा बिंदू शिकवावाच लागतो, नाहीतर नवा क्लचही धक्के देतो.

कोरड्या क्लचची डीसीटी (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक) किनाऱ्यावरच्या वाळूत रुतली तर रेस देऊन काढू नका, दोन मिनिटांत क्लचचा वास येईल. गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीला तिचंच तेल, लाल एटीएफ घातलं तर पट्टा घसरतो.

एवढं करूनही पी०७५३ येतच असेल

तर सोलेनॉइड मोजा. त्यासाठीही गिअरबॉक्स उघडावा लागत नाही, त्याच्या मोठ्या कपलरवरूनच मोजता येतं. आयसिन कंपनीच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये २० अंशांला उघड-बंद सोलेनॉइड ११ ते १५ ओम आणि दाबाचे ५ ते ५.६ ओम दाखवतात. तुमच्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. तापलेल्या गाडीवर आकडा वाढतो, तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्के चढतो, म्हणजे ८० अंशांला पाचाचे सव्वासहा दिसले तर ते बरोबर आहे. थंड असताना ठीक आणि तापल्यावर एकदम अनंत झाला तर कॉइल तुटतेय. बऱ्याच गाड्यांत तो एकटा सोलेनॉइड ऑइल पॅन काढून खालून बदलता येतो, गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही, पूर्ण व्हॉल्व्ह बॉडीचीही नाही. त्याच वेळी फिल्टर आणि पॅनचं गॅस्केट नवीन घ्या. काम झालं की टीसीएममधली जुनी शिकवण (गिअर किती दाबाने टाकायचे हे त्याने शिकून ठेवलेलं) पुसून नवी शिकवायला सांगा आणि बिलावर ते लिहून घ्या. पहिले काही दिवस गिअर थोडे रांगडे पडतील. तेवढ्यात घाबरून परत कोड उडवायला नेऊ नका. नेलंत तर काही गाड्यांत त्याचं शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.